टाकीबाग बंद आहे

काठी पत्र्यावर आदळली तेव्हा मला आधी वाटलं, मीच चुकलो.

माझ्या घरापासून टाकीबागेचं फाटक एकशे चाळीस पावलांवर. नऊ वर्षं, बाग उघडी असेल त्या प्रत्येक संध्याकाळी साडेपाचला मी एकटा त्या वाटेनं जात होतो. पावलं मोजायची गरज उरली नव्हती, पायांनाच ती पाठ झाली होती. आणि त्या दिवशी जिथं फाटकाची मोकळी जागा असायला हवी, तिथं माझी काठी खणकन वाजली. हात लावून पाहिला. उभा, पन्हळी, नवा कोरा पत्रा. डावीकडे गेलो, पत्रा. उजवीकडे गेलो, पत्रा.

"काका, बंद आहे," तोंडात तंबाखू धरून बोलणारा एक माणूस म्हणाला.

"काय बंद आहे?"

"बाग."

"पुन्हा? बाग अशी सारखी कशी बंद होईल? दुकान आहे का ते?"

"कार्निवल आहे ना. मांडणीपासून आवरेपर्यंत बावीस दिवस बंद. गेटवर एवढा मोठा बोर्ड लावलाय, दिसत नाही का?"

"नाही," मी म्हणालो. "दिसत नाही."

तो गप्प झाला. हा गप्पपणा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याच्यानंतर माणसं एकदम गोड बोलायला लागतात. तसंच झालं. "सॉरी काका. लक्षात नाही आलं. या, तुम्हाला घरी सोडतो."

"घरी सोडू नका. आत सोडा."

"ऑर्डर नाही."

एवढ्यात एक ट्रक आला. त्याच्यासाठी पत्रा बाजूला सरकल्याचा आवाज झाला. ट्रक आत गेला आणि त्याच्या मागोमाग मीही गेलो. राग म्हणा, हट्ट म्हणा. डाव्या पायाला चालण्याच्या वाटेची विटांची कड लागली आणि मला हायसं वाटलं. कड आहे म्हणजे वाट आहे. वीस-पंचवीस पावलं मी नेहमीच्या चालीनं गेलो. मग छातीवर एक आडवा लोखंडी पाइप बसला आणि मी तोंडावर आपटलो.

गुडघा फुटला. काठी कुठंतरी घरंगळली. कुणीतरी मला मागून कॉलर धरून उभं केलं.

"आंधळा माणूस आणि आत कशाला मरायला घुसता हो?" तोच तंबाखूवाला. आता गोडवा नव्हता. "काही झालं तर माझी नोकरी जाईल!"

त्यानं माझा दंड धरला आणि पोतं ओढावं तसं मला बाहेर आणलं. काठी हातात दिली. मागे पत्रा ओढून घेतला.

मी रंगनाथ आहेर. तेव्हा माझं वय एकसष्ट होतं. एकतिसाव्या वर्षी काचबिंदूनं डोळे गेले. त्यानंतर सव्वीस वर्षं मी वीज कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर होतो. आवाजावरून माणूस ओळखायचा आणि त्याला जिथं बोलायचं तिथं जोडून द्यायचं. डोळे गेलेल्या माणसाला सगळं मिळतं, असा माझा अनुभव आहे. जागा मिळते, दया मिळते, रस्ता ओलांडायला हात मिळतो. मिळत नाही ते एकटं चालणं. बँकेत जायचं तर कुणाचं तरी कोपर धरायचं. दवाखान्यात, लग्नात, स्मशानात, सगळीकडे कुणाचं तरी कोपर.

टाकीबागेत मात्र नाही. पाण्याच्या जुन्या टाकीभोवतीची ती बाग. तिच्या वाटेला दोन्ही बाजूंनी विटांची कड होती. पहिल्या वळणावर पंपाची घरघर, दुसऱ्यावर बांबूंची सळसळ, तिसऱ्यावर झोपाळ्यांचं कुरकुरणं, चौथ्यावर गळका नळ. तेवढ्यावर मी हात हलवत, वेगानं, कुणाचंही कोपर न धरता चालायचो. घाम येईपर्यंत चालायचो. तास सव्वा तास मी आंधळा नसायचो. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

घरी इंदूनं गुडघ्याला हळद लावली. "सांगायचं तरी," ती म्हणत होती. "मी आले असते बरोबर."

"तू कशाला बरोबर?"

तिनं कापूस दाबून धरला.

तेवढ्यात भास्कर आला. भास्कर गुंजाळ, आमच्या कॉलनीच्या रहिवासी संघाचा सचिव आणि माझा पंचवीस वर्षांचा मित्र. चार वर्षांपूर्वी त्याची बायको गेली. मुलगी परगावी. तेव्हापासून रोज एकदा तरी आमच्याकडे चहाला यायचा. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायचा, अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत. मला जगात काय चाललंय ते भास्करच्या आवाजात कळायचं.

"काय रे हे रंगा, पाय मोडून घेतला असतास!"

"बाग बंद केली भास्कर. बावीस दिवस."

"हो, ऐकलं मी. मोठा कार्यक्रम आहे म्हणे. खाण्याचे स्टॉल, गाणीबिणी."

"या वर्षातला हा चौथा. मार्चमध्ये गाड्यांचं प्रदर्शन, मेमध्ये ग्राहक पेठ, गणपतीच्या आधी ते कपड्यांचं. मी दिवस मोजलेत. एकशे सतरा दिवस बाग बंद होती."

"अरे, महापालिकेला बागा सांभाळायच्या तर कार्यक्रम घ्यावेच लागतात. थोडं त्यांचंही बघायला हवं. मी तुला रोज शाळेच्या मैदानावर नेतो की स्कूटरवरून. माझा हात धर आणि चाल."

"मला हात धरून चालायचं नाहीये!"

मी इतक्या जोरात ओरडलो की स्वयंपाकघरात इंदूच्या हातातलं काहीतरी पडलं. "बरं बाबा," भास्कर म्हणाला. "पण त्यात फार पडू नकोस. परवानगी मिळून गेली आहे. काही होणार नाही."

मी त्याच रात्री इंदूला अर्ज सांगितला. तिनं लिहिला. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर महापालिकेत येऊन तो देऊन, पोच घेऊन आली. माझा राग एवढा होता की एका आठवड्यात मी पाच फोन केले. ऑपरेटरच्या नोकरीनं एक शिकवलं होतं. समोरचा फोन ठेवत नाही तोवर आपण ठेवायचा नाही. शेवटी उद्यान विभागाच्या उपायुक्तांनी सुनावणी लावली. गुरुवार, सकाळी अकरा.

भास्कर म्हणाला, "मलाही बोलावलंय, संघाचा सचिव म्हणून. चल माझ्या स्कूटरवर."

वाटेत तो काहीच बोलला नाही. एरवी सिग्नलला थांबला की दुकानांच्या पाट्या वाचून दाखवायचा. मी समजलो, माझ्या हट्टाला कंटाळला असेल.

सुनावणीच्या खोलीत पंखा खडखडत होता. कॉलनीतले दहा-बारा जण आले होते. आवाजावरून मी एकेकाला ओळखलं. इव्हेंट कंपनीकडून वैद्य नावाचा माणूस होता. गुळगुळीत आवाज, प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसू. उपायुक्त फडतरे मॅडम होत्या. त्यांचा आवाज कोरडा, पण माणसाचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबणारा.

"बोला आहेर साहेब."

मी बोललो. बाग सार्वजनिक आहे. तिकीट लावून ती चार महिने बंद ठेवता येत नाही. कार्यक्रम नकोतच असं माझं म्हणणं नाही. पण चालण्याची वाट तरी मोकळी ठेवा. माझा गुडघा फुटला त्याचंही सांगितलं.

वैद्य लगेच म्हणाला, "मॅडम, त्या घटनेबद्दल आम्हाला खरंच वाईट वाटतं. सरांसाठी आम्ही खास पास देतो. पहिल्या रांगेत बसवू. आमचे व्हॉलंटियर घरून घेऊन येतील. व्हीलचेअरही आहे."

"माझे पाय शाबूत आहेत," मी म्हणालो.

कुणीतरी खुसकन हसलं.

"आणि उद्घाटनाला स्टेजवर सरांचा सत्कारही करू."

"कशाबद्दल? आंधळा असल्याबद्दल?"

"आहेर साहेब," मॅडम म्हणाल्या. "शांतपणे. तुमचं म्हणणं मला कळलं. पण एक अडचण आहे. व्यावसायिक कार्यक्रमाला बाग देताना आम्ही परिसरातल्या रहिवाशांची संमती मागतो. ती या फायलीत आहे. एकसष्ट सह्या आहेत." कागद उलटल्याचा आवाज आला. "आणि चौदाव्या क्रमांकावर तुमची सही आहे."

मी म्हणालो, "शक्य नाही."

"रंगनाथ गोविंद आहेर. खाली फोन नंबर. पंधराव्या क्रमांकावर इंदुमती रंगनाथ आहेर. तुमच्या पत्नी ना?"

मी बँकेत सही करतो. डोळे होते तेव्हाची, तिरकी, शेवटी एक लांब शेपूट असलेली सही. ती दुसऱ्या कुणाला जमत नाही. मी मॅडमना तिचं वर्णन विचारलं. त्या म्हणाल्या, "हो, तिरकी आहे. शेवटी लांब रेघ."

आणि मला तो दिवस आठवला. दीड महिन्यापूर्वीचा. आमच्या बैठकीच्या खोलीत भास्कर, चहा, आणि त्याच्या हातातल्या कागदाची फडफड. "डासांच्या फवारणीचा अर्ज आहे रे, सगळ्यांच्या सह्या घेतोय," तो म्हणाला होता. त्यानं माझं बोट धरून जागेवर ठेवलं होतं. पेन माझ्या हातात दिलं होतं. मी सही केली होती आणि वर म्हणालो होतो, "नाल्याकडच्या बाजूला जास्त मारायला सांग." तो म्हणाला होता, "सांगतो."

सव्वीस वर्षं मी आवाज ओळखत होतो. साहेब घाबरलेत की खोटं बोलतायत, मला 'हॅलो'वरून कळायचं. आणि ज्याचा आवाज मी रोज तासभर ऐकत होतो, त्याच्या आवाजात मला तेव्हा काहीही ऐकू आलं नव्हतं.

"भास्कर," मी म्हणालो. तो माझ्या डाव्या हाताला दोन खुर्च्या सोडून बसला होता. "हाच का तो डासांचा अर्ज?"

त्याची खुर्ची करकरली.

"गुंजाळ, तुम्ही सह्या गोळा केल्यात?" मॅडमनी विचारलं.

"संघाचं काम होतं मॅडम," तो म्हणाला. "कंपनी बागेच्या कोपऱ्यात ज्येष्ठ नागरिकांसाठी खोली बांधून देणार आहे. कॅरम, टीव्ही, बसायला जागा. लोक दिवसभर घरात एकटे असतात. मी कॉलनीच्या भल्यासाठीच..."

"आणि आहेरांना काय सांगितलंत?"

भास्करची खुर्ची पुन्हा करकरली.

"मला मजकूर वाचून दाखवा," मी म्हणालो.

वैद्य म्हणाला, "मॅडम, सही त्यांनी नाकारलेली नाही. आता मजकूर वाचण्यात वेळ..."

"मला वाचता येत नाही," मी उभा राहिलो. माझा आवाज इतका वाढला होता की पंखा ऐकू येईना. "मी काय लिहून दिलंय ते मला माहीत नाही. सही माझी आहे, मजकूर माझा नाही. वाचा तो. इथं, सगळ्यांसमोर, पहिल्या शब्दापासून."

मॅडमनी कारकुनाला सांगितलं. तो एकसुरी आवाजात वाचायला लागला. "आम्ही खाली सह्या करणारे रहिवासी असे लिहून देतो की, सदर उद्यानात आयोजित होणाऱ्या सर्व व्यावसायिक कार्यक्रमांस, पुढील तीन वर्षांकरिता, आमची कोणतीही हरकत नाही. तसेच कार्यक्रमाच्या कालावधीत उद्यान पूर्णतः बंद ठेवण्यास..."

"थांबा, थांबा," मागून एक बाई म्हणाल्या. आमच्या मागच्या गल्लीतल्या सोनटक्केबाई. "तीन वर्षं? आम्हाला दहा दिवस सांगितलं होतं."

"आणि पूर्ण बंद असं कुठं ठरलं होतं?" दुसरं कुणीतरी म्हणालं. "मुलांचे झोपाळे चालू राहणार होते ना?"

"मलासुद्धा पास देतो म्हणाले होते, तीन वर्षांचं कुणी बोललं नाही."

एकदम गलका झाला. ज्यानं त्यानं भास्करला विचारायला सुरुवात केली. माझा संताप मात्र तिथं वळला, जिथं तो वळायला हवा होता असं मला आजही वाटतं.

"एक मिनिट," मी म्हणालो. "मी आंधळा आहे. मला दुसऱ्यानं सांगितलं ते खरं मानावं लागतं. तुम्हाला तर डोळे आहेत ना? इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी हा कागद वाचून सही केली? हात वर करा. मॅडम, तुम्ही मोजा, मला दिसणार नाही."

खोलीत फक्त पंखा.

"किती मॅडम?"

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "एकही नाही."

त्यांनी सुनावणी तिथंच थांबवली. आदेश सोमवारी कळवू म्हणाल्या.

जिन्याशी भास्करनं माझं कोपर धरलं. सवयीनं. "पायऱ्या आहेत, अठरा," म्हणाला. मी कोपर सोडवून घेतलं.

"रंगा, ऐक. तुला वाचून दाखवलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"मग?"

"तुझं नाव नसतं तर बाकीचे विचारायला लागले असते. आहेर रोज बागेत जातात, त्यांची कशी नाही म्हणून. मला वाटलं, दहा दिवसांचा प्रश्न आहे. तुला मी मैदानावर नेईन. तीन वर्षांचं मला माहीत नव्हतं, देवाशपथ. मीही पुरता वाचला नव्हता तो. त्या वैद्यनं दिला, मी सह्यांना फिरवला."

"म्हणजे मला फसवलंस," मी म्हणालो, "तेही न वाचता."

"ती खोली हवी होती रे मला." त्याचा आवाज फुटला. "तुमच्याकडे तासभर बसतो. बाकीचे तेवीस तास कुठं जाऊ?"

आज एवढ्या वर्षांनी ते वाक्य आठवलं की मला त्याची दया येते. त्या दिवशी आली नाही. त्या दिवशी मला एवढंच ऐकू येत होतं की या माणसानं माझं बोट धरून ते खोट्यावर ठेवलं.

"चल, घरी सोडतो," तो म्हणाला.

"मी जाईन."

"एकटा? रंगा, मोठा रस्ता आहे, दोन चौक आहेत."

"मी जाईन म्हणालो ना!"

मी गेलो. महापालिकेच्या फाटकातून बाहेर पडून रिक्षा मिळायला मला पाऊण तास लागला. दोनदा चुकीच्या बाजूला वळलो. एकदा गटाराच्या कडेला पाय गेला. एका बाईनं ओढून धरलं नसतं तर आत होतो. घरी पोचलो तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता.

इंदूला सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "तुझी सही कशी आली पंधरा नंबरला? तुला तर दिसतं. तू वाचलं नाहीस?"

तिच्या बांगड्या वाजल्या, कपाळाला हात लावला असावा. "तुम्ही केलीत म्हणून मी केली," ती म्हणाली. "आणि भास्करभाऊजींनी आणलेला कागद कशाला वाचायचा?"

थोड्या वेळानं ती माझ्याजवळ येऊन बसली. "एक सांगू? तुम्ही बागेत जाता, तो माझा तास असतो. तुमची काळजी नसते तेव्हा. कुठं असाल, कसे असाल, मनातसुद्धा येत नाही. मी गच्चीत जाऊन नुसती बसते. लग्नानंतर तेवढाच काय तो माझा." ती थांबली. "त्या दिवशी तुमचा गुडघा फुटलेला पाहिला आणि मला आधी तुमचं नाही, त्या तासाचं वाईट वाटलं. आता तुम्हाला एकटं सोडायचा विश्वासच राहायचा नाही म्हणून."

मी तिचा हात धरून बराच वेळ बसलो. तीस वर्षं ती माझ्याबरोबर होती आणि मला वाटत होतं, बाग फक्त माझी गेली.

सोमवारी आदेश आला. इंदूनं तो मला दोनदा वाचून दाखवला. संमतिपत्र रद्द. कार्यक्रम तीन दिवसांवर आला असल्यानं तो रद्द करता येणार नाही, पण उरलेल्या दिवसांत बाग पूर्ण बंद ठेवायची नाही. चालण्याची वाट सर्व वेळ, विनातिकीट, मोकळी ठेवायची. पुढच्या वर्षापासून टाकीबागेत वर्षाला तीस दिवसांच्या वर व्यावसायिक कार्यक्रम नाही. आणि रहिवाशांची संमती घ्यायची असेल तर जाहीर सभेत, पूर्ण मजकूर मोठ्यानं वाचून. ते शेवटचं कलम ऐकून इंदू हसली. मला हसू आलं नाही.

भास्कर त्या आठवड्यात आला नाही. वर्तमानपत्र इंदू वाचायची, भराभर, मथळेच.

कार्निवल सुरू झाला त्याच संध्याकाळी मी बागेत गेलो. जायलाच हवं होतं. आदेश कागदावर राहू द्यायचा नव्हता. इंदू म्हणाली, "येऊ का?" मी म्हणालो, "गच्चीत जा."

फाटकावर तोच तंबाखूवाला होता. "या काका, तुमच्यासाठी रस्ता ठेवलाय," म्हणाला. खरंच होता. पाइप नव्हता, दोरी नव्हती, कुणी अडवलं नाही. मी चालायला लागलो. पहिलं वळण कसंबसं घेतलं.

मग मला कळलं की वाट आहे, पण मी नाही. चारी कोपऱ्यांत उभे केलेले मोठाले लाउडस्पीकर वाजत होते. पंपाची घरघर त्यात बुडाली होती. बांबू बुडाले होते. झोपाळे, नळ, सगळं गेलं होतं. माझी छाती त्या ठोक्यांनी हलत होती. काठीनं विटांची कड शोधली, तर तिच्यावरून त्यांनी गालिचा अंथरला होता. वाट छान दिसावी म्हणून असेल. काठीखाली सगळीकडे सारखंच मऊ. लोक अंगावर आदळून जात होते. कुणी "सॉरी" म्हणत होतं, कुणी काहीच नाही. मी एका जागी उभा राहिलो. पुढं कुठं, मागं कुठं, काही कळेना. तीस वर्षांत मी इतका आंधळा कधीच झालो नव्हतो.

किती वेळ गेला माहीत नाही. कुणीतरी कोपर धरलं.

"रंगा, मी आहे."

"हात सोड."

त्यानं सोडला. पण गेला नाही. त्याचा श्वास माझ्या कानाजवळ होता, धापा टाकल्यासारखा. गर्दीतून धावत आला असावा.

मला ओरडावंसं वाटत होतं. त्याच्यावर, त्या गाण्यावर, गालिच्यावर, साऱ्या कॉलनीवर. पण त्यानं मी बाहेर पडलो नसतो. आणि गच्चीत इंदू निवांत बसली होती.

"हात धरायचा नाही," मी त्याच्या कानात ओरडलो. "माझ्यापुढं चाल. आणि मोठ्यानं बोल, मला ऐकू येईल असं."

"काय बोलू?"

"वाच! जे दिसेल ते वाच. पाटी दिसेल, बोर्ड दिसेल, सगळं. एकही शब्द गाळायचा नाही."

मग माझ्यापुढं तीन पावलांवरून त्याचा आवाज आला, ताणून, बेंबीच्या देठापासून काढलेला. "गरमागरम कांदाभजी! शुद्ध तेलात तळलेली! इथे रांग लावावी!"

मी त्या आवाजाच्या मागून निघालो.

"स्वप्नातलं घर, बुकिंग सुरू! अटी व शर्ती लागू!"

"अटी कुठल्या?" मी ओरडलो.

"बारीक अक्षर आहे रे!"

"वाक. वाच!"

तो वाकला असावा. त्यानं त्या अटी वाचल्या, सातच्या सात. लोक थांबून बघत असणार, मला काय. तो थांबला की मी थांबायचो. तो पुढं वाचायला लागला की मी चालायचो. उसाचा रस, फोटो काढून मिळतील, हरवलेल्या मुलांसाठी चौकशी, धूम्रपानास मनाई. अर्धी फेरी आम्ही तशी केली. त्याचा आवाज बसत चालला होता. शेवटी तर तो नुसता खरखरत होता, पण एकही पाटी त्यानं सोडली नाही. एखादी सोडली असती तर मला कळलं असतं असं मी म्हणणार होतो. ते खरं नाही. मला कळलं नसतं. त्यालाही ते माहीत होतं.

बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू यायला लागले. फाटक आलं होतं. तिथं तो अचानक गप्प झाला.

"काय झालं?"

"काही नाही. पोचलो. आता सरळ जा, तुझी वाट."

"बोर्ड आहे का तिथं?"

"कमान आहे. आधीच छापून ठेवलेली."

"वाच."

तो वाचेना. मागून लोकांचा लोंढा आमच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडत होता.

"भास्कर, वाच."

त्यानं घसा साफ केला. अगदी हळू, पण मला ऐकू जाईल असं वाचलं. "परिसरातील सर्व नागरिकांच्या संमतीने आणि सहकार्याने."

"पुन्हा वाच," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा वाचलं. मी तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा तो रडत होता, पण त्यानं तिसऱ्यांदाही वाचलं. मग मी काठी पुढं केली आणि घरी निघालो.